मदत हवी आहे: डांगी गोऱ्हा खच्ची करावा का वळू म्हणून ठेवावा?

नमस्कार मंडळी, मी राहायला ऐरोलीला पण गाव शहापूरकडे, तिथे बाबा शेती बघतात. आमच्या डांगी जातीच्या गायीचा गोऱ्हा आता दोन वर्षांचा होत आलाय, पांढऱ्यावर काळे ठिपके, कातडी अशी तेलकट की पावसाचं पाणी अंगावर थांबतच नाही, वशिंडही छान भरतंय. बाबा म्हणतात खच्ची करून औताला लावू, कारण बैल शांत राहतो, जोडीदाराबरोबर जुवाला नीट चालतो आणि भाताच्या चिखलणीत डांगीसारखा टिकणारा दुसरा नाही. काका म्हणतात एवढा जातिवंत खोंड, त्याला वळू म्हणून ठेवा. मला काकांचं मनापासून पटतं, कारण गावोगाव डांगी कमी होत चाललीय, पण आमच्या गोठ्यात त्याची आई आणि बहिणीच आहेत, त्यांच्यावर तो सोडणं बरोबर नाही, मग वळू ठेवून बाहेरच्या गायींना द्यायचा का? आणि वळू झाल्यावर त्याला दावणीला सांभाळणं बाबांना ह्या वयात जमेल का हीच मोठी काळजी.

ज्यांनी वळू पाळलाय त्यांनी प्लीज सांगा, खुराक किती लागतो, वेसण असूनही अंगावर येतो का? वळूचं थोडं कामही करून घेता येतं का? आणि खच्चीच करायचा तर हे वय ठीक आहे ना? डॉक्टरकडून बर्डिझो चिमट्यानेच (कातडी न कापता बाहेरून नस दाबणारा चिमटा) करणार, दगडाने ठेचून अजिबात नाही, ते हाल बघवत नाहीत.