फोन पेटीत गेले, पण सरासरी जागची हलली नाही. पालकसभेत काय सांगू?

नववीची वर्गशिक्षिका

नमस्कार. माझ्या वर्गात ४२ मुलं आहेत. या वर्षी पहिल्या दिवसापासून हजेरी झाली की फोन बंद करून पेटीत, पेटीला कुलूप, शाळा सुटताना परत. सहामाहीचा निकाल लागला आणि गणिताची सरासरी आठवीच्या वार्षिकपेक्षा जेमतेम २ गुणांनी वर आली. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. "एवढं करून मिळालं काय?" असं दोघा पालकांनी मला फाटकाशी गाठून विचारलंसुद्धा.

मला फरक दिसतोय, पण तो गुणपत्रकात येत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही परवा तपासली. गेल्या वर्षीही त्याला गणित मीच शिकवत होते. तेव्हा पानावर उदाहरणाचा क्रमांक, पहिली ओळ आणि खाली कोरी जागा. बाकीचं फळ्याचा फोटो काढून फोनमध्ये. यंदा त्याने समीकरण शेवटच्या पायरीपर्यंत नेलंय. मध्येच वजाचं चिन्ह चुकलं, ते खोडून शेजारी पुन्हा सोडवलंय. ती खाडाखोड मी किती तरी वेळ बघत बसले.

तुम्ही प्रगतीचा आढावा गुणांखेरीज कसा घेता? आणि हे पेटीमुळेच झालं, असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, आधी ती सरासरी बाजूला ठेवा. आठवीच्या गुणांवरून वर्गाचे तीन गट पाडा आणि प्रत्येक गट कुठून कुठे गेला ते पाहा. बेलांड आणि मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये इंग्लंडच्या चार शहरांतल्या ९१ शाळांमधल्या फोनबंदीचा अभ्यास मांडला. बंदीनंतर एकूण निकाल थोडाच सुधारला होता. पण सर्वांत मागे असलेल्या मुलांची वाढ सरासरी वाढीच्या दुपटीहून जास्त होती, आणि पुढच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्याचं लक्ष एरवीही टिकतं, त्याला पेटीने काय होणार? ज्याचं लक्ष उडतं त्यालाच आधार मिळतो.

दुसरं, "माझा मुलगा फोन काढतच नाही" म्हणणारे पालक भेटतील. पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२ च्या पिसात ओईसीडी या, बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांमधल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं, की गणिताच्या निदान काही तासांना दुसऱ्यांच्या फोन-टॅबमुळे आपलं लक्ष विचलित होतं. प्रश्न शेजारच्या बाकाचाही असतो.

वह्यांचं मात्र नुसतं सांगू नका, दाखवा. मुलाचं नाव झाकून जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवा.

आठवीतल्या मुलीची आई

मॅडम, पेटी चांगलीच आहे. पण आमच्या शाळेत दिवसा फोन कुलपात आणि रात्री आठला गृहपाठ ग्रुपवर! मुलगी म्हणते, "आई, अभ्यास बघायचाय." मी फोन देते. पाच मिनिटांचं काम, आणि साडेनऊला जाऊन बघावं तर वही बंद आणि ही व्हिडिओ बघतेय. मग रडारड. रोज. मी हिंमत करून नाही म्हटलं तर तिचा गृहपाठ राहतो आणि बोलणी तिलाच बसतात. ह्यात आम्ही पालकांनी करायचं काय?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ३० शाळांमधल्या १,२२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर निर्बंध असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. दिवसभरात फोनवर जाणारा एकूण वेळही बंदीमुळे कमी झालेला दिसला नाही. वाचलं आणि आमच्याच घराची गोष्ट वाटली. शाळेत वाचलेला वेळ रात्री भरून निघतो. कृपा करून गृहपाठ फळ्यावर लिहा, मुलांना डायरीत उतरवू द्या.

एक बाबा

एक विनंती. माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे, त्याच्या दंडावरच्या सेन्सरचे आकडे फोनवर येतात. त्याच्या शाळेत पेटीचा नियम झाला त्या दिवशी त्याचाही फोन पेटीत गेला आणि साखर उतरल्याचा इशारा कुलपात वाजत राहिला. शेजारच्या मुलीने त्याचे हात थरथरताना पाहिले म्हणून निभावलं. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांतल्या फोनबंदीचा कायदा केला तेव्हाही अशा उपकरणांना सूट ठेवली होती. तुमच्या नियमात ते आधीच लिहा, आणि कारण अख्ख्या वर्गासमोर विचारू नका.

नववीची वर्गशिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून गट पाडले. खालच्या १४ मुलांची सरासरी ३१ वरून ३७ वर गेलीय, मधला गट तिथेच, वरचा किंचित घसरलाय. मात्र या १४ जणांपैकी ९ जण माझ्या जादा तासालाही बसतात. ते सभेत लपवणार नाही. सगळं श्रेय पेटीला दिलं तर ते खोटं होईल.

आईंचं म्हणणं मला लागलं, कारण रात्रीचे ते गृहपाठ मीही टाकत होते. सोमवारपासून शेवटची पाच मिनिटं डायरीसाठी. आरोग्याच्या सवलतीचं पत्र मुख्याध्यापकांकडे दिलंय. वहीच्या पानांसाठी त्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "बाई, नाव झाकू नका."