प्रतिसाद: मर्जी कुणाची, करणी कुणाची?
भाऊ, ‘सगळंच अल्लाच्या मर्जीवर, मग माणसाच्या हाती काय उरलं?’ असं तुम्ही वर विचारलंत. पण कुराणातल्या सूरह रअदची 11वी आयत वेगळंच सांगते: लोक स्वतःच्या आत बदल करत नाहीत, तोवर अल्ला त्यांची स्थिती बदलत नाही. सुन्नतुल्लाह, म्हणजे अल्लाची ठरलेली रीत, ती हीच. नुसतं मुसलमान असल्यानं त्यातून सूट मिळत नाही.

आपल्या तापीकाठीच बघा ना. थाळनेरला 1382 मध्ये सुरू झालेली खानदेशच्या फारुकी सुलतानांची सत्ता 1601 मध्ये असीरगड किल्ल्यासोबत गेली, अन् घेणारा अकबरही मुसलमानच! चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून राजघराण्याला साधारण तीन पिढ्या, म्हणजे 120 वर्षं देतो. फारुकींनी त्याचा हिशोब चुकवून 219 काढली. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत, जमलं तर जाऊन या.