छोटा इलेक्ट्रिक टेम्पो कोल्हापुरात परवडतो का? अनुभव धागा

शाहूपुरीकर: मार्केट यार्डात हिरव्या नंबरप्लेटचा टेम्पो गुळाचे रवे (ढेपा) घेऊन आवाज न करता शेजारून गेला आणि लक्ष्मीपुरीतले धूर ओकणारे जुने तीनचाकी आठवले. म्हणून धागा. 'भारी गाडी' नको, आकडे टाका.

माझे घ्या. टाटा एस प्रो जून २०२५ ला आली तेव्हा एक्स-शोरूम पेट्रोल ३.९९ लाख, इलेक्ट्रिक ६.५०. दोन्ही ७५० किलोच्या. फरक २.५१ लाख; १२ टक्क्यांनी ४ वर्षं फेडला तर महिना ६,६०० जादा हप्ता. पेट्रोल १०५, ॲव्हरेज १५ धरलं तर किमीला ७ रुपये. बॅटरी १४.४ युनिटची, कागदावर १५५ किमी, लोडवर ९५ धरा. १२ रुपये युनिटने, चार्जिंगची गळती धरून, किमीला २. वाचले ५. महिन्याचे २६ दिवस धरून रोज ५१ किमी पडलेच पाहिजेत. कमी रनिंग असेल तर पेट्रोलच घ्या.

उद्यमनगरी: जीएसटी राहिला की दादा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल मालगाड्यांना २८ चा १८ झाला, इलेक्ट्रिकला ५ होता तसाच. पूर्ण कपात धरली तर पेट्रोल ३.६८ वर येते, म्हणजे ५१ चे ५७ किमी झाले.

गूळवाला: ७५० किलो म्हणजे ३० किलोचे २५ रवे. यार्डात २५ वर थांबतंय कोण 😀

उद्यमनगरी: @गूळवाला ४० टाकलेस तर रेंज विसर. आणि टायरची हवा कमी असली की आणखी खाते.

वायरमन: घरी चार्ज करणाऱ्यांनी एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. चार्जर पाच-सहा तास सलग १५ अँपिअर ओढतो, ढिली पिन वितळते. मीटरपासून वेगळी लाइन: ४ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरची एमसीबी (जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट. चार्जर चालू होत नसेल तर आधी अर्थिंग बघा. फेज-अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत. जुन्या पेठांतल्या वाड्यांत अर्थिंगची तारच नसते आणि शिव्या गाडीला पडतात.

कळंबा_ताई: बेकरीचा माल, रोज ३० किमी. मग नकोच ना?

शाहूपुरीकर: ताई, एकट्या बेकरीवर नाही. दुपारी दुसऱ्याचा माल मारला तर होईल. रोड टॅक्स माफ आहे, थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, पण त्याने ३० किमीचं गणित सुटत नाही.

गूळवाला: ताई, खारी ताजी असेल तर भाडं मी देतो

पन्हाळा_रोड: गडावर माल नेणाऱ्यांनो, वर फुल चार्ज करून उतरू नका. बॅटरी भरलेली असली की रीजन (उतारावर मोटरने गाडी रोखून चार्ज परत घेणं) होतच नाही, सगळा उतार ब्रेकवर येतो. चार्जिंग ८० टक्क्यांना काढा. पण बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आठवड्यातून एकदा खाली १०० करा, नाहीतर टक्के चुकीचे दिसतात आणि १५ वरून एकदम बंद पडते.

गोकुळ_शिरगाव: मोठी बॅटरी फुल आणि गाडी चालूच होत नाही, ही तक्रार आली की १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, तीच ओढते. १२ व्होल्टच्या खाली गेली असेल तर चार्ज करा, टोइंगला हजार-दोन हजार घालवू नका.

कागलकर: सीएनजीचं कोणी बोललंच नाही. एस प्रोची बाय-फ्युएल (सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी) ४.९९ लाखाला आली होती.

उद्यमनगरी: पंपावरच्या रांगेतला अर्धा तास पण लाव हिशोबात भावा.

कागलकर: व्हय, ते हाय.

गूळवाला: पंचगंगेचं पाणी आलं की काय करायचं ते सांगा, आमचं गोडाऊन सखल भागात आहे.

वायरमन: पॅक सीलबंद असतो, पण चार्जिंग पोर्ट आणि १२ व्होल्टची वायरिंग नाही. पाण्यात उभी राहिली असेल तर चावी फिरवू नका, चार्जर तर अजिबात लावू नका. १२ ची निगेटिव्ह काढा, ढकलू नका, फ्लॅटबेडवर घालून सर्व्हिसला न्या. विम्यात बॅटरी आणि चार्जर धरलाय का ते पावसाळ्याआधी वाचा.

कळंबा_ताई: खारी संपली. शनिवारी नवीन.