६६.५ टक्क्यांची जुनी बर्बन: आग कुठली आणि लाकूड कुठलं?

मांजराकाठ, लातूर

एलायजा क्रेग बॅरल प्रूफ, बॅच सी९२३: अमेरिकेची बर्बन व्हिस्की, पिंपातून काढल्यावर पाणी न मिसळता बाटलीत भरलेली. लेबलवर १३३ प्रूफ, म्हणजे ६६.५ टक्के अल्कोहोल, वय १३ वर्षं ७ महिने. बाटली तीन दिवसांपूर्वी उघडली आहे. ग्लेनकेर्न ग्लासात (तोंडाशी निमुळता, व्हिस्की हुंगायचा) २० मिली, बिनपाण्याची. नाक नेलं की आधी नेलपॉलिशसारखी सणक, मग जळका गूळ आणि खारीक. जिभेवर दोनेक सेकंद गोड, लगेच आग, आणि शेवटी हिरडा चघळल्यासारखी तुरट चव. सगळ्यात जास्त वेळ टिकते ती हीच.

हा तुरटपणा जास्त प्रूफचा की जास्त वयाचा, हे मला ठरवता येत नाहीये. तुलनेला वाइल्ड टर्की १०१ ही दुसरी बर्बन आहे आणि तिच्यात तो जवळजवळ नाही. पण ती ५०.५ टक्क्यांची, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. पाणी घालून बघायचं तर किती, कुठलं आणि घातल्यावर किती वेळ थांबायचं? नळाला बोअरचं जड पाणी, पिण्यासाठी आरओ. खोली संध्याकाळीसुद्धा ३४ अंश असते. शेवटी गुण द्यायचे ते बिनपाण्याच्या ग्लासला की पाणी घातलेल्या? आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

आग आणि तुरटपणा वेगळे काढायला पाणी हेच हत्यार आहे. अल्कोहोलची आग पाण्याने उतरते. ओकच्या लाकडातून उतरणाऱ्या टॅनिनचं, म्हणजे तुरट द्रव्याचं, तसं नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं आणि खरखरीत होतं, आणि भरपूर अल्कोहोल असलं की हे चिकटणं कमी होतं. म्हणजे जास्त प्रूफ टॅनिनला झाकून ठेवतं. पाणी घालून ५० टक्क्यांवर आणल्यावर आग गेली आणि तुरट तसंच राहिलं किंवा वाढलं, तर ते लाकडाचं, म्हणजे वयाचं. आगीबरोबर तेही गेलं तर जीभ नुसती भाजत होती.

एकाच ग्लासात थेंब थेंब पाणी घालत जाऊ नका. दोन घोट गेले की उरलेलं माप कळत नाही, आणि टक्के कळले नाहीत तर तुलनेला अर्थ राहत नाही. तीन ग्लास घ्या, प्रत्येकात १० मिली. पहिला तसाच. दुसऱ्यात २ मिली पाणी, तो ५५ टक्क्यांच्या जरासा वर येईल. तिसऱ्यात ३.३ मिली, तो बरोबर ५० वर. मापाला मेडिकलमधली ५ मिलीची सिरिंज, सुई काढून. हिशेब असा: व्हिस्कीचे मिली गुणिले (असलेले टक्के भागिले हवे असलेले टक्के, वजा १). मिसळल्यावर एकूण माप किंचित आकसतं, इथे ते सोडून द्या. चौथ्या ग्लासात वाइल्ड टर्की १० मिली. तिसरा आणि चौथा शेजारी ठेवलेत की तुमची तुलना सरळ झाली.

चारही ग्लासांवर छोट्या बशा झाकून २० मिनिटं थांबा. पाणी आणि अल्कोहोल मिसळताना उष्णता निघते, तेवढ्यात हुंगलं तर अल्कोहोलच नाकात जातं. क्रम उलटा ठेवा: आधी वाइल्ड टर्की, मग ५०, मग ५५, बिनपाण्याचा सगळ्यात शेवटी. ६६.५ आधी घेतली तर पुढच्या तिन्ही ग्लासांना जीभ बधिर.

घोट ३ मिलीचा. पहिला घोट फक्त तोंड सरावायला, त्याच्यावर काही लिहू नका. दुसरा आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा आणि त्रास कुठे होतो ते बघा. जिभेचं टोक, घसा, छाती म्हणजे अल्कोहोल. हिरड्या आणि गालाची आतली बाजू आखडली तर टॅनिन. हा फरक दोन-तीन बैठकांत पक्का होतो आणि मग कुठल्याही बाटलीला लागू पडतो.

पाणी आरओचंच. जड पाण्यातले क्षार वास दाबतात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर आणखी वाईट: लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तसाच लोह आणि टॅनिनचा संयोग होऊन रंग काळपट होतो. केंटकीच्या चुनखडीच्या पाण्याची जी ख्याती आहे तिचं एक मोठं कारण हेच, त्या पाण्यात लोह नसतं.

आणि हे चार ग्लास मिळून साधारण २५ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा जवळजवळ एक लार्ज. त्या संध्याकाळी वर काही नाही, आणि गाडीला हात नाही.

गोदाकाठ, नांदेड

प्रूफचा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून एवढंच. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. आपल्या बाटल्यांवर ४२.८ टक्के म्हणजे ७५ प्रूफ असतं ते जुन्या ब्रिटिश मापाने, तिथे १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, टक्केच बघा.

परदेशातून कोणी आणणार असेल तर: ७० टक्क्यांच्या वरची बाटली प्रवासी सामानात अजिबात चालत नाही. सी९२३ खाली आहे, पण काही बॅरल प्रूफ बाटल्या १४० प्रूफ ओलांडतात. मागवण्याआधी लेबलचा फोटो मागा.

बालाघाट, बीड

पाणचक्कींची रीत बरोबर आहे. लाकूड इतकं का चढतं ते जोडतो, कारण लेबल वाचूनच अर्धा अंदाज येतो.

बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते. स्कॉच बहुतेक वापरलेल्या पिंपांत मुरते, म्हणून तिथे १८ वर्षं सहज पेलतात. इथे १२-१५ नंतर लाकूड अंगावर यायला लागतं. पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटर. वर्षाला ४ टक्के उडतात असं धरलं तर साडेतेरा वर्षांत २०० चे ११५ लिटर उरतात. पाणी उडतं, अल्कोहोल उडतं, टॅनिन मात्र उडत नाही. ते उरलेल्या मालात दाटत जातं. काकवी आटवताना गोडी आणि करपटपणा दोन्ही एकदमच वाढतात, तसं.

आता टक्के बघा. कायद्याने पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर भरता येत नाही. तुमची ६६.५ ची आहे, म्हणजे मुरताना टक्के वाढले. हे गोदामाच्या वरच्या, तापलेल्या आणि कोरड्या मजल्यांवर होतं, तिथे अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त वेगाने जातं. उष्णतेने दारू लाकडात खोल जाते आणि काढूनही जास्त आणते. अनेक पिंपं एकत्र केलेली असतात, त्यामुळे हा सरासरीचा अंदाज. तरी भरण्याच्या टक्क्यांपेक्षा वर आणि १२ वर्षांच्या पुढे, ही दोन्ही लक्षणं एका लेबलवर दिसली की तुरटपणाची तयारी ठेवूनच ग्लास उचलावा.

पण लाकूड जास्त असणं हा आपोआप दोष नव्हे. ओकमधूनच व्हॅनिला येतो, लवंगेचा युजेनॉल येतो, खोबऱ्याचा लॅक्टोन येतो. तुरटपणाच्या मागे गोडी उभी आहे का, एवढं बघायचं. खारीक, काकवी, जुनं चामडं, तंबाखू यांच्याबरोबर तुरट आलं तर ती उमर. नुसता शिसपेन्सिलीचा भुसा आणि कडू साल राहिली तर पिंप जास्त दिवस ठेवलं गेलं. हिरडासुद्धा आधी तुरट आणि मागून गोड लागतो, त्यामुळे तुमची उपमा बाटलीच्या बाजूनेच जाते असं मला वाटतं.

तेरणा, धाराशिव

३४ अंशांना गुण देऊच नका, माझा पहिला आक्षेप तिथे आहे. तुमची निम्मी सणक खोलीची आहे. व्हिस्की २० ते २२ अंशांच्या आसपास हवी. फ्रिजमध्ये बाटली ठेवली तर वास मिटतात आणि तुरटपणा वाढल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा रुंद पातेल्यात माठाचं पाणी घ्या, झाकलेले ग्लास त्यात बुडापुरते पाच-सात मिनिटं उभे करा. ग्लास बाहेरून पुसून मगच उचला, नाहीतर पाण्याचा थेंब आत जातो आणि मापाचा सगळा खटाटोप वाया.

ग्लास आधी रिकामा हुंगा. जड पाण्याने धुतलेल्या काचेवर पांढरा थर बसतो, कपाटात पालथ्या ग्लासात लाकडाचा नाहीतर डांबरगोळीचा वास कोंडतो. थोडं व्हिनेगर फिरवून आरओने विसळा.

नाक एकदम आत खुपसायचं नाही. ग्लास छातीशी धरा, मग हनुवटीशी, मग ओठांशी, तोंड किंचित उघडं. ६६ टक्क्यांला एक खोल श्वास घेतलात तर पुढची दोन-तीन मिनिटं नाक कामातून जातं. नेलपॉलिशचा वास एथिल अ‍ॅसिटेटचा, ते जुन्या बर्बनमध्ये असतंच. बशी काढून ग्लास दोनदा फिरवल्यावर तो मागे हटला तर विसरून जा. २० मिनिटांनी, ५० टक्क्यांवरही तोच पुढे असेल तर गुण कापा. ओल्या पोत्याचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, ती बाटली कितीही थांबलात तरी सुधारत नाही. जितकी वर्षं तितकी मिनिटं ग्लास ठेवायचा ही म्हण मात्र सोडा, २० मिनिटं कुठल्याही वयाला पुरतात.

जेवण आधी नको, आणि तिखट तर नकोच. मिरची आणि अल्कोहोल तोंडातल्या एकाच दाह ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतात, त्यामुळे ठेच्यावर घेतलेली ५० टक्केसुद्धा ६५ वाटते. अगदी रिकाम्या पोटीही नको. दोन तास आधी साधा वरण-भात, मधे तोंड धुवायला बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या आणि पाणी.

शब्द आपले वापरा. परदेशी टिपणांत टॉफी, ब्राऊन शुगर वाचून तेच शोधत बसण्यात अर्थ नाही. कुंथलगिरीच्या पेढ्याचा खरपूस खवा, चिक्कीचा पाक, जायफळ, मनुका, सुपारी, कात, सुताराच्या भुश्याचा वास: हे आपल्या नाकाला पाठ आहेत. तुरटपणाला तर आपल्याकडे पायऱ्या आहेत. जांभळाइतका, सुपारीइतका, हिरड्याइतका, डाळिंबाच्या सालीइतका असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी वाचतानाही नेमकं आठवेल.

गुण मी दोन रकान्यांत लिहायला सांगेन. वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५, एकदा बिनपाण्याचे आणि एकदा ५० टक्क्यांवरचे. बेरीज करून सरासरी काढू नका. ८८ आणि ७९ असे आकडे आले तर ती प्रूफच्या आधाराने उभी असलेली बाटली. ८२ आणि ८८ आले तर आतला माल चांगला आहे आणि पाणी मागतो आहे. ५० टक्क्यांच्या आसपासच्या दोन ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवून घरातल्या कोणाला तरी जागा बदलायला लावा. लेबलवरचं १३ वर्षं ७ महिने वाचून कोणाचंही नाक मोठ्या मनाचं होतं.

पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर

तेरणांचे दोन रकाने पटले. पण बॅरल प्रूफ म्हणून विकलेल्या बाटलीचा बिनपाण्याचा रकानाच मुख्य धरावा, विकणाऱ्याने तीच प्यायला दिली आहे. ५० चा रकाना कारण शोधायला.

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे आभार. चार ग्लासांची मांडणी रविवारी करतो. दोन गोष्टी राहिल्या. पाणी जास्त पडून एक ग्लास ४३ च्या आसपास गेला होता, तो गढूळ दिसला. बाटलीत काही गडबड? आणि उरलेली बाटली मे महिन्यात कुठे ठेवायची? वरच्या मजल्यावरची खोली आहे, स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो.

बालाघाट, बीड

गडबड नाही. ही थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे ४६ टक्क्यांच्या खाली आलं की जड एस्टर आणि चरबीची आम्लं विरघळलेली राहत नाहीत. चव घ्यायला हरकत नाही, पण गुण त्या ग्लासला देऊ नका.

बाटली खालच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या बंद कपाटात. उभीच ठेवा, आडवी ठेवली तर इतकं अल्कोहोल बूच खातं. स्लॅबखालच्या माळ्यावर नको, देवघराशेजारी आणि गॅसजवळ तर मुळीच नको. ६६ टक्क्यांची वाफ आपल्या खोलीच्या तापमानालाच पेट घेते. अर्ध्यावर आली की ३७५ मिलीच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ ओता आणि झाकणावर ओतल्याची तारीख व टक्के लिहून ठेवा.

पुढच्या वेळी एक दिवस आधी तयारी जमली तर ५० मिलीत १६.५ मिली पाणी मिसळून छोटी बाटली बंद करून ठेवा. रात्रभर मुरलेलं हे ५० टक्क्यांचं मिश्रण लगेच मिसळलेल्यापेक्षा जास्त एकजीव लागतं, आणि तुरटपणा जोखायला तेच वापरा.