मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल जीपसाठी कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. वडिलांची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. इंजिन मूळचंच, हरिकेन एफ-१३४, २१९९ सीसी. सपाट रस्त्यावर तक्रार नाही. अडचण चढावर येते. मावळातल्या दगडी वाटेवर गाडीचं नाक वर झालं की इंजिन गुदमरतं, काळा धूर सोडतं आणि बंद पडतं. मग गरम इंजिन लवकर सुरू होत नाही. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर बाहेरून पेट्रोलने ओला असतो. निडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई) नवा टाकलाय, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हलही तपासून घेतली.

सध्या कार्टर वायएफ कार्बोरेटर आहे. उघडला तर डायाफ्रामचं (आतल्या लवचीक पडद्याचं) रबर फुगून मऊ पडलेलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळेच असावं असं मला वाटतं. त्याला टिकेल असं दुरुस्तीचं किट कुठे मिळतं का?

नाहीतर सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर बसवावा, की अडॅप्टर लावून वेबरचा दोन बॅरलचा (हवेच्या दोन नळ्यांचा) ३२/३६? या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणारा मार्ग) हेडमध्येच, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातच, ओतलेला असल्याने तो बदलता येत नाही. म्हणजे वेबरचे दोन्ही बॅरल त्या एकाच तोंडात उतरणार. मग फायदा कितीसा उरतो? ३बीचं बॉनेट उंच असलं तरी अडॅप्टर आणि एअर क्लीनर धरून जागा पुरते का?

मला वेग नकोय. लो गिअरमध्ये, कमी आरपीएमवर गाडी चढावर न अडखळता चढली पाहिजे. ज्यांनी हे काम स्वतःच्या जीपवर केलंय त्यांनी जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांचे) नंबर आणि फ्लोटचं सेटिंग कृपया सांगावं. पुण्याच्या आसपास जुने कार्बोरेटर मन लावून करणारा मिस्त्री माहीत असेल तर तेही कळवा.