कडक पर्यावरण-नियमांमुळे उद्योग खरोखर नवे तंत्र शोधतात का?

डिचोलीचा मास्तर

नमस्कार. मी महाविद्यालयात पर्यावरणाचे अर्थशास्त्र शिकवतो. नीट आखलेला कडक नियम उद्योगाला नवे तंत्र शोधायला भाग पाडतो आणि त्यातून होणारी बचत पुष्कळदा नियम पाळण्याचा खर्च भरून काढते, असे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडले. वर्गातली निम्मी मुले गोव्याच्या लोहखाणींच्या भागातली आहेत. २०१२ ची खाणबंदी आणि मार्च २०१८ ची दुसरी बंदी त्यांच्या घरांनी सोसलेली आहे. परवा एका मुलीने विचारले, "सर, खाणींवर इतका कडक निर्बंध आला, मग तिथे कोणता शोध लागला?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. एका उद्योगात नियमामुळे तंत्र बदलते आणि दुसऱ्यात केवळ फाइल जाड होते, असे का होते? पुस्तकी उत्तरापेक्षा आपापल्या धंद्यातला अनुभव कोणी लिहिला तर उपकार होतील.

वास्कोकर

मी जहाजदुरुस्तीच्या कामात आहे. जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे रसायन असलेला रंग लावत. तो स्वस्त आणि परिणामकारक होता, पण समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढू लागली, इतका तो विषारी निघाला. २००१ मध्ये असा रंग बंद करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ च्या सप्टेंबरात तो अमलात आला, आणि या मधल्या काळात तांब्यावर आधारलेल्या रंगांबरोबरच सिलिकॉनचे गुळगुळीत लेप पुढे आले. जहाज वेगात गेले की या लेपावरची घाण आपोआप सुटते आणि इंधनही वाचते. मात्र यातला कोणताही शोध आम्ही गोदीवाल्यांनी लावला नाही. तो रंग बनवणाऱ्यांनी लावला. तेव्हा नियम ज्याच्यावर असतो तोच शोध लावेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची असावी.

उलटे उदाहरणही सांगतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली गेली. अनेकांनी कमी गंधकाचे इंधन घेतले. काहींनी जुनेच इंधन ठेवून धूर धुणारे यंत्र बसवले आणि ते धुवण समुद्रात सोडले. हवेचा नियम पाळला गेला, पाण्याचे काय, हे ज्याने त्याने समजून घ्यावे.

सत्तरीचा काजूवाला

वास्कोकरांशी मी सहमत आहे. आमच्या वडिलांच्या काळी काजूबी ड्रममध्ये भाजत असत आणि टरफलाच्या तेलाचा काळा, डोळे झोंबणारा धूर वाड्यावर पसरत असे. तक्रारी वाढल्या तेव्हा एका सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही चिमणी उंच करून घेतली. पैसे गेले, धूर शेजारच्या वाड्यावर गेला. पुढे वाफेवर बी शिजवण्याची पद्धत घेतली, तेव्हाच खरा फरक पडला. टरफल न जळता हाती राहू लागले, त्याचे तेल विकता येते आणि उरलेला चोथा बॉयलरखाली जाळता येतो. ही यंत्रेही बाहेरून तयार आली. आमचे डोके फक्त ती बसवण्यात आणि गर तुटू नये म्हणून वाफेचा वेळ जमवण्यात खर्ची पडले. अगदी छोट्या कारखानदाराला मात्र बॉयलरचा खर्च झेपत नाही, आणि ड्रममध्ये भाजलेल्या गराची चव मागणारे गिऱ्हाईक अजूनही आहे.

वेर्ण्याची अभियंता

मी औषधनिर्मितीतील सांडपाण्याचे काम पाहते. माझ्या मते तारखेवर विश्वास बसणे सर्वांत महत्त्वाचे आहे. वाहनांच्या धुरासाठीच्या भारत स्टेज ६ या निकषांची १ एप्रिल २०२० ही तारीख चार वर्षे आधी जाहीर झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती हलू दिली नाही. त्यामुळे पाचवा टप्पा गाळूनही वाहन उत्पादक व तेलशुद्धीकरण कारखाने वेळेत तयार झाले. औष्णिक वीजकेंद्रांसाठी गंधक-उत्सर्जनाचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, पण मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ज्याने आधी खर्च केला तोच मूर्ख ठरला, असे झाल्यावर पुढच्या नियमासाठी कोण गुंतवणूक करील?

तिरुप्पूरचे उदाहरणही वर्गात घ्यावे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथले रंगाईचे कारखाने बंद केले. त्यानंतर सांडपाण्यातील मिठाचे पाणी वेगळे काढून पुन्हा रंगाईतच वापरण्याची पद्धत रुजली. पण त्यासाठी पाणी आटवावे लागते आणि त्याला भरपूर ऊर्जा लागते, हेही मुलांना सांगावे. आमच्याकडे बाष्पीभवन यंत्राच्या वाफेचे बिल पाहिले की उत्साह ओसरतो.

डिचोलीचा मास्तर

सर्वांचे आभार. आता त्या मुलीला काय सांगावे ते थोडे स्पष्ट झाले. ज्यामुळे २०१८ ची बंदी आली तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाबद्दल होता. धूळ किंवा गाळ इतका कमी करा म्हणजे काम चालू ठेवता येईल, असे त्यात नव्हते. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणींना परवानगी मिळाली आणि चार वर्षांत त्या पुन्हा थांबल्या, तेव्हा मधल्या काळात कोणी नव्या तंत्रावर पैसा लावला नाही, याचे नवल वाटायला नको. काजूवाले दादा, हंगामात वीसेक मुले घेऊन आपला कारखाना पाहायला येता येईल का?

सत्तरीचा काजूवाला

अवश्य या, मास्तर. एप्रिलमध्ये सकाळी लवकर आलात तर वाफेचे काम पाहायला मिळेल. टरफलाचे तेल हाताला लागले की कातडी सोलवटते, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवा.