मदत हवी आहे: गारठ्यात चुनखडक आणि डोलोमाइट वेगळे कसे ओळखावेत?

नमस्कार मंडळी,

मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या नकाशाकामासाठी रोज फील्डवर जातो. माझ्या भागात चुनखडकाचे थर वर जाताना हळूहळू डोलोमाइटमध्ये बदलत जातात, आणि नेमकी तीच सीमा मला नकाशावर काढायची आहे.

अडचण थंडीची आहे. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलं मुख्य खनिज, गारठ्यातही जोरात फसफसतो, त्याचा प्रश्न नाही. डोलोमाइट एरवीही मंदच. सकाळच्या गार दगडावर तर भिंगातूनसुद्धा बुडबुडा दिसत नाही. खरी पंचाईत दोन्ही खनिजं मिसळलेल्या मधल्या थरांची. सकाळी ज्यावर जेमतेम हालचाल दिसते, तोच थर दुपारी उन्हाने तापला की चांगला फसफसतो. सीमा कुठे पडणार हे मी तिथे किती वाजता पोचतो यावर ठरतं आहे, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

चाकूने ओरखडून भुकटीवर थेंब टाकला तर डोलोमाइटही फसफसतो, पण मग मिश्र थर कुठला आणि शुद्ध कुठला? मोह्सच्या मापावर काठिण्य कॅल्साइटचं 3, डोलोमाइटचं 3.5 ते 4. बोटं बधिर झालेली असताना एवढा फरक हाताला जाणवत नाही. दिवसही लवकर मावळतो.

कोणी थंडीत अशा कार्बोनेट खडकांवर (चुनखडक, डोलोमाइट) काम केलं आहे का? भरवशाची खूण कोणती धरावी?

प्रतिसाद:
आम्लाची बाटली उबेसाठी खिशात मात्र ठेवू नकोस, सांडलं तर भाजेल. आधी झिजलेला पृष्ठभाग बघ. डोलोमाइटवर बऱ्याचदा एकमेकींना छेदणाऱ्या बारीक खाचा असतात, लोह असेल तर पिवळसर-तपकिरी छटाही चढते. हिवाळ्यातलं तिरकं ऊन इथे तुझ्या फायद्याचं, खाचा त्यात ठळक दिसतात. थेंब टाकताना कॅल्साइटची शीर टाळ, ती हमखास फसवते. निर्णय खोलीत घे. थराथरातून नमुने आण, सगळे एकाच तापमानाला आले की तपास, आणि शंकेच्या नमुन्यांना सौम्य आम्लात कालवलेला ॲलिझारिन रेड एस हा रंग लाव. कॅल्साइट लाल होतो, डोलोमाइट रंग धरत नाही. तोवर नकाशावर तुटक रेषा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! रंग ताज्या फोडीवर लावू की घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर?

प्रतिसाद:
सपाट केलेल्या. आधी सौम्य आम्लात क्षणभर बुडवून धुऊन घे.